उजव्या हाताचा मुहूर्त

आमच्या घरात काळजी करण्याचं काम माझ्याकडे आहे. घरचे म्हणतात, कुंताला सवयच लागली आहे. सवय कसली डोंबलाची! बाकीचे बिनघोर राहतात ते कोणीतरी एकजण घोर लावून घेतं म्हणून. दूध उतू जाण्याआधी ज्याला दिसतं, त्याला लोक भित्रा म्हणतात. म्हणू देत.

आमचे हे, म्हणजे मनसाराम, सुतारकाम करतात. नागभीडहून जवळच आमचं गाव. धानाची थोडी बांधी आहे, पण घर उभं आहे ते ह्यांच्या हातावर, आणि तो हात डावा. करवत डाव्या हातात, पटाशीवर ठोका डाव्याने, रंधा डाव्याने. उजव्या हाताने ह्यांना धड खिळा ठोकता येत नाही. एकदा हौसेने ठोकला तर आठवडाभर अंगठा सुजला होता.

पण माझ्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, डावा हात चालत नाही. रोजच्या कामापुरती त्यांनी केव्हाच हार मानली, शुभ कामापुरती नाही. देवाला फूल वाहायचं तर उजव्याने, कोणाला काही द्यायचं तर उजव्याने, आणि नवीन काम हाती घेतलं की रंध्याचा पहिला हात उजव्यानेच मारायचा. हे तो एक हात कसाबसा ओढतात, लाकडावर ओरखडा उठतो, सासूबाई "झालं बाप्पा" म्हणतात आणि मग रंधा आपल्या हक्काच्या हातात जातो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे बघत होते. मला त्याचं हसू यायचं, राग कधी आला नाही. एका ओरखड्याने कोणाचं काय जातं?

यंदा मच्छीमार सोसायटीने ह्यांना नावा करायला सांगितल्या. तलावावर जाळं टाकायला लागतात तशा, सपाट बुडाच्या, फळ्यांच्या नावा. अशा नावेत सगळी करामत फळीच्या कडेची असते. बाजूची फळी बाहेर कललेली असते, म्हणून तिची कड सरळ तासून चालत नाही, तिरपी तासावी लागते. ती तिरपी कड बुडाच्या फळीवर चपखल बसली तर नाव कोरडी राहते. सुताच्या फरकाने चुकली तर डांबर-कापूस कितीही कोंबा, पाणी आत येतंच. हे ती कड डोळ्याच्या अंदाजाने रंध्याने काढत. दुसरी नाव अर्धी झाली आणि ह्यांचा डावा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, रंधा बंद, नाहीतर हात कायमचा जाईल.

म्हणजे आता मशीन घ्यायची किंवा धंदा सोडायचा. हे दोन दिवस अर्ध्या नावेपाशी नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मीच तळोधीच्या मुखरूभाऊंना बोलावून घेतलं. मुखरूभाऊ आमच्या भागातले जुने सुतार. पहिली मशीन त्यांनी आणली आणि बोटंही पहिली त्यांचीच गेली. त्यांच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत आहे.

"मशीन घ्यायची तं घे गा मनसाराम," ते म्हणाले, "पन मुंडी कलनारी घे. माही मशीन सरळ उभ्या मुंडीची होती. तिरपी कड काढाची म्हनून मी फळीच कलती धरत होतो, खाली पाचर देऊन. एक दिवस पाचर सरकली."

एवढं बोलून त्यांनी चहाची कपबशी अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत उचलली. त्या दिवसापासून मला ह्यांच्या डाव्या हाताशिवाय दुसरं काही दिसेना. जेवताना, बिडी ओढताना, झोपेत छातीवर पडलेला, तो हात मी बघत बसायची. पाचही बोटं मोजायची, वेड्यासारखी.

मशीन तशी समजायला सोपी. एक लोखंडी टेबल असतं. मधल्या भोकातून दांडा वर आलेला, त्यालाच मुंडी म्हणायचं. मुंडीला पात्यांचं कटर. ते गरगर फिरतं आणि आपण फळी टेबलावरच्या कठड्याला टेकवून त्याच्या अंगाने सरकवत न्यायची. तिरपी कड हवी असेल तर एकतर फळी कलती धरा, नाहीतर मुंडी कलती करा. मुंडी कलली तर फळी टेबलावर आडवी, निवांत पडून राहते आणि हात लांब राहतात. मुखरूभाऊंचं म्हणणं एवढंच होतं. ते त्यांना तीन बोटं देऊन कळलं होतं, आम्हाला एका चहावर कळलं.

आम्ही चंद्रपूरला गेलो ते आमच्याच दोन फळ्या घेऊन. बैल घेताना आपण आपल्याच बंडीला जुंपून बघतो, मग मशीन दुकानदाराच्या लाकडावर का बघायची? गाडीत लोकांनी कुरकुर केली. एका बाईच्या पोटऱ्यांना फळी लागली तेव्हा ती म्हणाली, "घरचा दरवाजाच काढून आनला का वो?" मी म्हटलं, "हो, मांगं खिडकी येऊन राह्यली." हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या खिशात नावेच्या कडेचा लाकडी साचा होता, जेवढा तिरपा काप हवा तेवढाच तासलेला तुकडा. सारखा खिशावर हात जात होता.

दुकान बल्लारपूर रस्त्यावर. मशीन चालवून दाखवायला अजय नावाचा माणूस होता, तोंडात तंबाखूचा खर्रा, पण काम नीट. सरळ मुंडीच्या मशीनवरून आम्ही पुढेच गेलो. मुंडी कलणाऱ्या दोन होत्या. एक नवी, हिरवीगार, चकचकीत, बाजूचं चाक फिरवलं की मुंडी लोण्यासारखी कलायची. ह्यांना ती बघताक्षणी आवडली. पुरुषांचं असंच असतं, रंग बघितला की भाळले. दुसरी बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून आलेली, बीडाची, जड, रंग उडालेली. तिचं चाक फिरवायला जोर लागत होता आणि मुंडी कलती केल्यावर दोन मोठे बोल्ट आवळावे लागत होते.

अजयने हिरव्या मशीनवर आमची फळी कापून दाखवली. ह्यांनी साचा लावला, चपखल बसला. हे खूश. मी म्हटलं, "आनखी कापा." त्याने आणखी कापली. "आनखी." तो माझ्याकडे बघायला लागला. चौथ्या कापानंतर मी साचा ह्यांच्या हातातून घेतला आणि लाकडावर ठेवून दाराच्या उजेडाकडे धरला. साचा आणि कड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली. मशीनच्या थरथराटाने मुंडी हळूच सरकत होती.

"एवढं तं चालते बाई," अजय म्हणाला.

"कपाटाले चालन. नावेले नाई चालत," हे म्हणाले. हिरव्या रंगाचं भूत तिथेच उतरलं.

जुन्या मशीनवर सहा-सात काप मारले. साचा प्रत्येक वेळी बसला. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच हे म्हणाले, "आता मी मारून पाहतो." अजय फळीची मापं घ्यायला वाकला होता. ह्यांनी फळी उचलली आणि सवयीप्रमाणे डाव्या हाताने, डावीकडून, कटरकडे सरकवायला घेतली.

"ओ भाऊ!" अजय एवढ्याने ओरडला की दुकानातले सगळे वळले. त्याने उडी मारून लाल बटण दाबलं. मशीन घरघरत हळूहळू थांबली, तोवर तो ह्यांचं मनगट धरूनच उभा होता.

"इकडून नाई! कटर इकडूनच तिकडे फिरून राह्यलं. तुमी त्याच्या संगं फळी देल्ली तं ते फळी ओढून नेईन, अन् फळीच्या मांगून तुमचा हात. फळी नेहमी कटरच्या तोंडावर घालाची. उजवीकडून डावीकडे."

"मी डावरा हाय," हे म्हणाले. चोरी पकडल्यासारखा आवाज होता.

"मंग उजव्या हातानं शिका. सगळेच शिकतात."

मशीन बंदच होती. ह्यांनी उजवीकडे उभं राहून उजव्या हाताने फळी नुसती ढकलून बघितली. फळी टेबलाच्या कठड्यापासून सुटली, परत टेकली, परत सुटली. माझ्या डोळ्यांसमोर मुखरूभाऊंची कपबशी आली. पन्नाशीच्या माणसाला आता नवीन हात कुठून आणून द्यायचा?

तेव्हा मी विचारलं, "भाऊ, हे मशीन उलटी फिरत नाई का?"

अजय खर्रा थुंकून आला. मग म्हणाला, "फिरते ना. या जुनीले उलटा-सुलटा स्विच हाय. पन मंग सगळंच उलटं करा लागते बाई. कटर पलटी करून बसवा लागते. वरचा नट लॉक करा लागते, नाईतं उलट्या फिरन्यानं ढिला होते. अन् फळी घालाची डावीकडून."

"अन् उलटी फिरत असताना कोनी उजवीकडून घातली तं?"

"तं तेच. ओढून नेईन."

मी त्याला कटर काढायला लावलं, पलटी करून बसवायला लावलं, नट लॉक करायला लावलं. परत काढायला लावलं. मग ह्यांना बसवायला लावलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तुमी चालवनार हाय का मशीन?"

"नाई. मी काळजी करनार हाय," मी म्हटलं.

मग ह्यांनी उलट्या फिरत्या मशीनवर डावीकडून, डाव्या हाताने फळी घातली. फळी कठड्याला चिकटून, एका सुरात पुढे गेली. खांद्याला ताण नाही, हाताला थरथर नाही. कड साच्यात अशी बसली की मधून उजेडच नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि किती दिवसांनी ह्यांच्या तोंडावर ते हसू दिसलं. जुनी मशीन घ्यायचं तिथेच ठरलं. परतीच्या गाडीत मी एकच घोकत होते: उलटी फिरते, डावीकडून घालायची, उलटी फिरते, डावीकडून घालायची. हे म्हणाले, "अवो, पुरे आता. मी काय लेकरू हाय?"

मशीन टेम्पोतून आली. घरामागे सांदवाडीतल्या टिनाच्या शेडमध्ये चौघांनी ढकलत नेऊन बसवली. वायरमनने थ्री फेज जोडून ती रिकामी फिरवून दाखवली. स्विच उलट्या बाजूला ठेवला, कटर पलटी करून बसवलं, नट लॉक केला, मी दोनदा हलवून बघितला. आता एखादा दिवस ह्यांनी हात बसवून घ्यावा, असं माझं म्हणणं. पण पूजा झाल्याशिवाय नव्या हत्याराला लाकूड दाखवायचं नाही, असं सासूबाईंचं. त्यांनी गुरुवार काढला. गुरुवारपर्यंत मशीन गोणपाटाखाली झाकून ठेवली. म्हणजे पहिला काप तोच मुहूर्ताचा. सरावाचा आधीचा एकही नाही.

मी कुरकुर केली. "बाई, एकदा चालवून तं पाहू द्या."

"उष्ट्याची पूजा करतात का?" सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

गुरुवारी शेजारपाजारचे आले, मुखरूभाऊ आले, सोसायटीचे दोघे आले. शेड झाडून सारवून घेतली होती. सासूबाईंनी मशीनला हळदीकुंकू लावलं, अगरबत्ती खोचली. झेंडूचा हार त्या नेमक्या मुंडीला घालायला गेल्या. मी ओरडले, "तिथी नोका घालू! गुंडाळून घेईन." "मंग कुठी घालू?" "कुठी बी घाला, फिरनाऱ्या जागेले नोका घालू." त्यांनी हार स्विचच्या पेटीवर घातला. मला समाधान वाटलं. नारळ मी लांब, दगडावर फोडायला लावला, पाण्याचा थेंब मशीनवर नको म्हणून. सगळीकडे लक्ष होतं माझं. ह्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून दिल्या, हातात धागा बांधू दिला नाही, घड्याळ काढून घेतलं. कुठली म्हणून फट ठेवली नाही, असं मला वाटत होतं.

हातात आरतीचं ताट घेऊन मी भिंतीशी उभी राहिले. ह्यांनी स्विच दाबला. मशीनने सूर धरला आणि वर टिनाचे पत्रे थरथरायला लागले. हे डावीकडे उभे होते, फळी डाव्या हातात. सगळं ठरल्याप्रमाणे. मुखरूभाऊंनी मान हलवली, होऊ दे.

आणि ह्यांनी आईकडे बघितलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात जोडले होते, नुसत्या उभ्या होत्या. ह्यांनी फळी डाव्या हातातून उजव्यात घेतली, टेबलाला वळसा घातला आणि उजवीकडे जाऊन उभे राहिले. मुहूर्ताचा पहिला हात. लग्नापासून बघितलेली गोष्ट. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरंच वाटलं, पूजा रीतीप्रमाणे होतेय म्हणून. तोंडावर हसूसुद्धा होतं माझ्या. मग दुकानातला अजयचा आवाज कानात वाजला: तं तेच. ओढून नेईन.

मी ओरडले. मशीनच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. मी ताट टाकलं आणि स्विचकडे धावले. पेटीवर झेंडूचा हार. बोटांना पाकळ्या लागत होत्या, दोरा लागत होता, बटण लागत नव्हतं. मागे ठॉक्क असा आवाज झाला. मी अख्खा हार ओरबाडून काढला आणि लाल बटणावर मूठ मारली.

मेलं बटण दाबलं तरी कटर लगेच थांबत नाही. फळी तोपर्यंत ह्यांच्या हातातून सुटून, शेडची बांबूची तट्टी फोडून बाहेर जाऊन पडली होती. हे टेबलावर पोटावर पडले होते. उजवा हात पुढे, कटरच्या दिशेला. मला हात दिसत होता, बोटं दिसत नव्हती. मुखरूभाऊंनी ह्यांना कमरेला धरून मागे ओढलं तेव्हा टेबलावर रक्ताचा पट्टा उमटला.

मी इतके दिवस डाव्या हातावर पहारा दिला होता. संकट उजव्यावर आलं.

नागभीडच्या दवाखान्यात जाईपर्यंत मी ह्यांच्या हाताला गुंडाळलेलं फडकं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. सोडून बघायची माझी छाती झाली नाही. ह्यांना विचारलं, "बोटं हालतात का?" हे म्हणाले, "मले काईच समजून नाई राह्यलं." डॉक्टरांनी फडकं सोडलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. देवाचं नाव आठवेना. शेवटी त्यांनीच सांगितलं. दोन बोटांचे शेंडे सोलले होते, एक नख मुळापासून गेलं होतं, तळव्याला टाके पडणार होते. पण बोटं पाचही जागेवर होती. फळी वाकडी होऊन कठड्यावर आपटली आणि हातातून निसटली, म्हणून हात तिच्यामागे आत गेला नाही. तिथल्या बाकावर बसून मी मोठ्याने रडले. लोक बघत होते. बघू देत.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. कोणी म्हणालं, बंद कारखान्याची मशीन, कोणाचा तळतळाट असेल. कोणी म्हणालं, पहिल्याच दिवशी रक्त मागितलं, विकून टाका. मुखरूभाऊसुद्धा म्हणाले, "मनसाराम, राहू दे गा. शेती कर." हे खाटेवर पडून वरच्या पत्र्याकडे बघत होते. मशीन परत गोणपाटाखाली गेली. फुटलेल्या तट्टीतून कोंबड्या शेडमध्ये यायला लागल्या.

मला मशीनचा राग नव्हता आला. मला राग आला होता सासूबाईंचा, आणि तो मी पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. चुलीपाशी त्या भाकरी थापत होत्या, तिथे जाऊन म्हणाले, "बाई, मुहूर्त तुमचा होता, पन हात माह्या नवऱ्याचा होता. देवाले डावा हात चालत नसन तं देवानं देल्लाच काऊन?"

त्या थापता थापता थांबल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचून तयारच होते.

"मी त्याले काई म्हटलं नाई वो त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तोंडातून शब्द बी नाई काढला."

"काढा लागतच नाई ना आता. त्याईले पाठ झालं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती करपेपर्यंत त्या तिच्याकडे बघत होत्या. मग सांगायला लागल्या. ह्यांना लहानपणी जेवताना त्या लुगड्याची चिंधी घेऊन डावा हात कमरेला बांधायच्या. नणंदा हसायच्या, पोट्टा डावरा निघाला, कोण पोरगी देईल म्हणायच्या. पोरगा उजव्या हाताने भात सांडायचा, रडायचा, उपाशी उठायचा. काही महिन्यांनी चिंधी बांधायची गरज उरली नाही. जेवायला बसला की डावा हात तो आपला आपणच पाठीमागे घ्यायचा.

"मले वाटलं, शिकला," त्या म्हणाल्या. "भेला होता तो."

मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. भांडायचं माझ्या अंगातून निघूनच गेलं. कोणाशी भांडणार? चूल विझत आली होती आणि त्या धुरात बसून म्हातारी डोळे पुसत होती. धुराने की कशाने, मी विचारलं नाही.

टाके निघाले. उजव्या हाताला अजून पट्टी होती, पण हे शेडच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. सोसायटीचे लोक येऊन गेले. पावसाळ्याआधी नावा हव्यात, नाही जमणार तर दुसरा सुतार बघतो म्हणाले. हे म्हणाले, "दोन दिवसांत सांगतो." मला जा म्हणायला जीभ रेटेना, नका जाऊ म्हणायलाही रेटेना. मशीनशिवाय ह्यांचा खांदा जाणार होता, आणि हे शेडच्या दारातूनच मागे फिरतात ते मी रोज बघत होते.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी आंघोळ करून कुंकवाचा करंडा घेतला आणि म्हणाल्या, "चला मशीनवर."

मी म्हटलं, "बाई, आज शनिवार." शनिवारी आमच्याकडे लोखंडाची नवी वस्तू घरात येत नाही, खिळासुद्धा विकत घ्यायचा नाही, असं त्यांनीच मला शिकवलं होतं.

"असू दे शनवार."

माणसं बोलावली नव्हती. आम्ही तिघंच होतो. त्यांनी स्वतः गोणपाट ओढून काढलं, कोंबडी हाकलली आणि काठी टेकत मशीनच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. हे दारातच थांबले होते.

"ये. इकडून उभा राह्य."

हे आले. तोंड उतरलं होतं. मी नट हलवून बघितला, स्विच उलट्या बाजूला आहे ते बघितलं, कठडा बघितला, परत नट बघितला. सासूबाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "हात दे."

ह्यांचा उजवा हात पुढे आला, पट्टीसकट.

"तो नाई. दुसरा दे."

हे तसेच उभे. डावा हात कधी पाठीमागे गेला ते त्यांनाही कळलं नसेल. मला मात्र दिसला, शर्टाचं टोक मुठीत धरलेला.

"माय," हे म्हणाले, "तो डावा हाय."

"मले माहीत हाय बाबू. त्याले बी मीच जलम देल्ला."

हात पुढे आला. सासूबाईंनी पाचही बोटांना, एकेका बोटाला, कुंकू लावलं. ह्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला एकही हात रिकामा नव्हता, एकाला पट्टी, एकाला कुंकू. मीच पदराने पुसले. मग मी स्विचपाशी गेले, लाल बटणावर पंजा ठेवला आणि म्हटलं, "आता चालू करा."